हात लुळे, पाय शाबूत : मानेच्या दुखापतीतील एका कोड्याचा इतिहास

मकरसंक्रांतीला जयपूर शहर रस्त्यांवरून उठून गच्च्यांवर जाते. १७२७ साली वसलेल्या त्या तटबंदीच्या शहरात घरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि गच्च्यांचे कठडे ठेंगणे आहेत. १४ जानेवारीला सकाळपासून अंधार पडेपर्यंत माणसांची नजर आकाशात, मान मागे कललेली आणि पाय कठड्याच्या दिशेने सरकत असलेले. आपल्याकडे येवल्याच्या पतंगोत्सवातही हेच दृश्य दिसते. या दिवसांत अपघात विभागात येणाऱ्या दोन प्रकारच्या दुखापती सर्वांना परिचित आहेत. पहिली मांज्याने गळा चिरण्याची. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी ही दुखापत थांबलेली नाही. दुसरी उंचावरून पडण्याची. गळ्यातून रक्त वाहत असेल किंवा पडलेला माणूस हालचाल करेनासा झाला असेल, तर त्याचे गांभीर्य कोणालाही सांगावे लागत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या दोहोंच्या आड लपणारी तिसरी दुखापत आहे. तिच्यात रक्त येत नाही, हाड मोडलेले दिसत नाही आणि पुष्कळदा रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत रुग्णालयात येतो.

अशा रुग्णाचे एक प्रातिनिधिक चित्र असे. साठीकडे झुकलेला एक गृहस्थ पायरीवरून अडखळून तोंडावर पडतो. कपाळ कठड्यावर आपटते, मान झटक्याने मागे जाते. काही क्षणांनी तो उठून उभा राहतो. कपाळावर खरचटले आहे, एवढीच खूण. पण दोन्ही हातांची विलक्षण आग होते आहे, बोटांत जोर नाही, पाण्याचा पेला धरता येत नाही. पाय मात्र जवळजवळ पूर्ववत. क्ष-किरण चित्रात मानेचे मणके जागच्या जागी दिसतात. आता निदान काय करावे? हातांवर भार आला म्हणून हात दुखावले, असे एखादा म्हणेल. वय पाहून दुसऱ्याला पक्षाघाताची शंका येईल. हाड शाबूत आहे, माणूस चालतो आहे, तेव्हा हा घाबरला असावा किंवा नाटक करीत असावा, असेही कोणी मनात म्हणेल. तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. या माणसाच्या मानेतील मेरुरज्जूला इजा झाली आहे.

हे उत्तर पटकन पटत नाही, याला कारण आहे. मेंदूकडून पायांकडे जाणारे सर्व चेतातंतू मानेतूनच खाली उतरतात. मग मानेतील मेरुरज्जू दुखावल्यावर पाय सुटतात आणि हात सापडतात, हे कसे? पाण्याची मुख्य वाहिनी गावाच्या वेशीवर फुटावी, आणि वेशीजवळची आळी कोरडी पडून पलीकडच्या टोकाच्या वाडीत मात्र पाणी यावे, तसा हा प्रकार. वैद्यकाला हे कोडे नीट मांडायलाच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थांबावे लागले. त्याचे उत्तर तर त्यानंतर एकदा मिळाले, मोडले आणि पुन्हा नव्याने शोधावे लागले.

मानेच्या दुखापतीची सर्वांत जुनी लिखित नोंद इजिप्तमधील आहे. अमेरिकन संग्राहक एडविन स्मिथ यांनी १८६२ मध्ये लक्सर येथे एक पपायरस विकत घेतला. तो इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या काळातील असून त्याहूनही जुन्या ग्रंथाची प्रत असावा, असे मानले जाते. जेम्स ब्रेस्टेड यांचे त्याचे भाषांतर १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. दुखापतींच्या ४८ प्रकरणांपैकी एकतिसाव्या प्रकरणात मानेचा मणका सरकलेल्या माणसाचे वर्णन येते. त्याला आपल्या दोन्ही हातांची आणि दोन्ही पायांची जाणीव उरलेली नाही आणि लघवीवरचा ताबाही गेलेला आहे. हा आजार उपचार करण्यासारखा नाही, असा निर्णय तो अनामिक वैद्य देतो. त्याचे निरीक्षण आजही अचूक ठरते. पण त्यातून एक समजूत रुजली आणि ती हजारो वर्षे टिकली : मान मोडली की सारेच जाते, आणि सारे गेले नसेल तर मान मोडलेली नाही.

मेरुरज्जूची इजा अपुरीही असू शकते आणि त्या अपुरेपणालाही एक आकार असतो, हे दाखवून देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार यांना जाते. १८१७ मध्ये मॉरिशसच्या पोर्ट लुई येथे त्यांचा जन्म झाला. वडील अमेरिकन जहाजाचे कप्तान, आई फ्रेंच वंशाची. पॅरिसमध्ये शिकत असताना त्यांनी प्राण्यांच्या मेरुरज्जूचा अर्धाच भाग छेदून परिणाम पाहिले आणि १८५० च्या सुमारास ते मांडले. ज्या बाजूचा अर्धा भाग कापला गेला, त्या बाजूची शक्ती आणि अवयवांच्या स्थितीची जाण जाते. वेदना व तापमान यांची जाणीव मात्र विरुद्ध बाजूची जाते, कारण हे तंतू मेरुरज्जूत शिरल्यानंतर लवकरच पलीकडच्या बाजूला जातात. मानेत सुरी भोसकलेल्या रुग्णाचा उजवा पाय उचलत नाही आणि डाव्या पायाला टाचणी टोचलेली कळत नाही, हे ऐकायला विसंगत वाटते. ज्याने हा नियम वाचलेला नाही, तो रुग्णाच्या सांगण्यावरच संशय घेतो. ज्याने वाचला आहे, त्याला तीच विसंगती इजेची बाजू आणि पातळी सांगून जाते.

१८८७ मध्ये मँचेस्टरचे शल्यविशारद विल्यम थॉर्बर्न यांनी मानेतील मेरुरज्जूच्या दुखापतींचे काही रुग्ण बारकाईने वर्णिले. कोणता स्नायू दुबळा आहे यावरून कोणत्या पातळीवर इजा आहे हे ठरवता येते, असा त्यांचा रोख होता. त्या काळी वैद्याजवळ दुसरे साधनही नव्हते. रुग्णाला हात उचलायला, मूठ आवळायला, बोटे पसरायला सांगायचे, टाचणी आणि कापूस घेऊन जाणिवेची सीमा शोधायची. आठच वर्षांनी, १८९५ मध्ये, राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाचे हाड डोळ्यांना दिसू लागले. उपकार मोठा होता, पण त्याबरोबर एक मोहही आला. चित्रात हाड सरळ दिसले की मान सुरक्षित आहे असे मानण्याची सवय लागली. चित्रात मेरुरज्जू दिसतच नव्हता, याचा हळूहळू विसर पडला.

ही सवय मोडणारा पुरावा १९४८ मध्ये ब्रिटनमधून आला. टेलर आणि ब्लॅकवूड यांनी मान मागे वाकल्यामुळे अर्धांग लुळे पडलेल्या, पण क्ष-किरण चित्र निर्दोष असलेल्या दुखापतींकडे लक्ष वेधले. हाड मोडले नाही, मणका सरकलेला दिसत नाही, तरी मेरुरज्जू चिरडला गेला होता. १९५१ मध्ये टेलर यांनी याची यंत्रणा शोधली. मृतदेहांच्या मेरुनलिकेत क्ष-किरणांत दिसणारा द्रव भरून त्यांनी मान मागे वाकवून पाहिली. मान मागे जाताच नलिकेच्या पाठच्या भिंतीवरील पिवळा अस्थिबंध दुमडून आत फुगतो, असे त्यांना आढळले. उतारवयात मणक्यांच्या कडांना हाडाची वाढ झालेली असते. अशा वेळी पुढून हाडाचा उंचवटा आणि मागून अस्थिबंधाची घडी, यांच्या चिमट्यात मेरुरज्जू क्षणभर सापडतो. मान पुन्हा सरळ झाली की चिमटा सुटतो आणि चित्र निर्दोष येते. गुन्हेगार घटनास्थळावरून निघून गेलेला असतो.

या टप्प्यावर मिशिगन विद्यापीठातील न्यूरोसर्जन रिचर्ड श्नायडर यांचे नाव येते. १९५४ मध्ये त्यांनी चेरी आणि पँटेक या सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला आणि आपल्या जयपूरच्या गच्चीवरील गृहस्थाच्या आजाराला नाव मिळाले : सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम, म्हणजे मेरुरज्जूच्या मध्यभागाच्या तीव्र इजेचा लक्षणसमूह. त्याची त्यांनी सांगितलेली लक्षणे अशी : पायांपेक्षा हातांची दुर्बलता प्रमाणाबाहेर अधिक, मूत्राशयाचा बिघाड, बहुधा लघवी अडणे, आणि इजेच्या पातळीखाली जाणिवेची कमीअधिक हानी. बरे होण्याचाही क्रम त्यांनी टिपला. आधी पाय सुधारतात, मग मूत्राशय, मग दंड आणि मनगटे, आणि सर्वांत शेवटी बोटे. कित्येकांच्या बोटांत कायमची उणीव राहते. असा रुग्ण काही आठवड्यांनी रुग्णालयातून चालत घरी जातो, पण शर्टाची बटणे दुसऱ्याकडून लावून घेतो. शिंपी, सुतार, जयपूरच्या गल्ल्यांतून रत्नांना पैलू पाडणारा कारागीर, यांच्यासाठी ‘चालता येते’ हे वाक्य किती अपुरे आहे, हे निराळे सांगायला नको.

श्नायडर यांनी या लक्षणांचे कारणही दिले आणि ते इतके सुबक होते की पुढील पिढ्यांनी ते पाठ केले. मेंदूकडून उतरणाऱ्या मुख्य प्रेरक मार्गात हातांचे तंतू आतल्या बाजूला, तर पायांचे बाहेरच्या बाजूला असतात, अशी तेव्हा मान्यता होती. इजा मध्यभागी रक्तस्रावाच्या रूपाने होते आणि बाहेर पसरते. म्हणून हातांचे तंतू आधी सापडतात, पायांचे वाचतात. हे चित्र फळ्यावर काढायला सोपे आणि लक्षात ठेवायला त्याहून सोपे होते.

ते टिकले नाही. १९६८ मध्ये लॉरेन्स आणि काइपर्स यांनी माकडांमध्ये हा प्रेरक मार्गच छेदून पाहिला. माकडे चालत-धावत राहिली, हरवली ती बोटांची सुटी, नाजूक हालचाल. म्हणजे हा मार्ग मुळात हाताच्या कौशल्याशी विशेष निगडित आहे आणि चालण्यासाठी इतर मार्गांचाही आधार मिळतो. पुढे एमआरआय आले. १९९२ मध्ये मायामीतील क्वेन्सर आणि सहकाऱ्यांनी या लक्षणसमूहाच्या रुग्णांची एमआरआय चित्रे आणि काही मृतांच्या मेरुरज्जूचे सूक्ष्मदर्शी छेद एकत्र अभ्यासले. मध्यभागी अपेक्षित असलेला रक्तस्राव त्यांना आढळला नाही. हानी मुख्यतः पांढऱ्या भागातील तंतूंची, विशेषतः दोन्ही बाजूंच्या प्रेरक मार्गांची होती. हातांचे आणि पायांचे तंतू त्या मार्गात वेगवेगळ्या थरांत मांडलेले असतात, या समजुतीलाही माणसांवरील नंतरच्या अभ्यासांनी आधार दिला नाही. आजचे प्रचलित मत असे की हा मार्ग सरसकट दुखावला तरी फटका हातालाच अधिक बसतो, कारण हात त्या मार्गावर अधिक विसंबून असतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. श्नायडर यांचे स्पष्टीकरण ढासळले, पण त्यांनी रुग्णाच्या खाटेशी उभे राहून जे पाहिले, त्यातले काहीही खोटे ठरले नाही. आजाराच्या नावातील ‘सेंट्रल’ हा शब्द आज जवळजवळ एका जुन्या चुकीचे स्मारक आहे, तरी हे नाव ऐकताच जगभरच्या अपघात विभागांतील डॉक्टरांना तोच रुग्ण डोळ्यांसमोर दिसतो. निरीक्षण आणि त्याचा अर्थ यांत फरक करणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचित मिळेल.

श्नायडर यांच्या नंतर या कुळातील आणखी काही सदस्य ओळखले गेले. १९७० मध्ये बेल यांनी ‘क्रुशिएट पॅरालिसिस’ वर्णिला. मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर, जेथे प्रेरक तंतू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, तेथे इजा झाल्यास दोन्ही हात लुळे पडतात आणि पाय बचावतात. लक्षणे सेंट्रल कॉर्ड सिंड्रोमसारखीच दिसतात, पण इजेची जागा वरची असते आणि श्वसनाची केंद्रे तेथून जवळ असतात. त्यामुळे फसगत झाल्यास किंमत अधिक मोजावी लागते. १९७७ मध्ये जोसेफ मरून यांनी अमेरिकन फुटबॉलपटूंमधील ‘जळते हात’ नोंदवले. ज्या आगीला खेळाडू हाताचे दुखणे समजत होते, ती मानेतील मेरुरज्जूची तक्रार असू शकते, हे त्यातून पुढे आले. १९८२ मध्ये पँग आणि विल्बर्गर यांनी मुलांमधील, क्ष-किरण चित्रात न दिसणाऱ्या मेरुरज्जूच्या दुखापतींचे वर्णन केले. मुलांचे अस्थिबंध लवचीक असतात. मणके ताणले जाऊन पुन्हा जागेवर येतात, मेरुरज्जू मात्र तितका ताण सोसू शकत नाही. त्यांच्या निबंधातील सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद अशी की काही मुलांना पडल्यावर फक्त क्षणिक झिणझिण्या आल्या होत्या. नंतर ती नीट दिसत होती. खरे लुळेपण काही तासांनी, कधी चार दिवसांनी आले. ‘पडल्यावर हातापायांतून वीज गेल्यासारखे झाले’ असे मूल सांगते, तेव्हा ते वाक्य कागदावर का उतरवून घ्यायचे, ते या नोंदीवरून कळते.

या इतिहासाला एक भारतीय शाखा आहे आणि ती मुंबईत फुटली. नोशिर वाडिया यांनी १९५७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयात चेताविज्ञानाचा विभाग उभा केला. १९६७ मध्ये त्यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात २८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांत मानेचे पहिले दोन मणके जन्मतःच नीट जोडलेले नव्हते, त्यामुळे तेथील मेरुरज्जू दाबला जात होता. पाश्चात्त्य ग्रंथांत हा विकार दुर्मीळ म्हणून उल्लेखिला जाई. भारतीय रुग्णालयांत तो तितका दुर्मीळ नाही, हे वाडिया आणि त्यांच्यानंतरच्या अनेकांच्या कामातून स्पष्ट झाले. अशा माणसाला आपल्या मानेतील दोषाची वर्षानुवर्षे कल्पना नसते. मग एखादे किरकोळ पडणे किंवा मानेला बसलेला एक हिसका त्याचे चारही अवयव दुबळे करून जातो. आखूड मान, मागे खाली उतरलेली केसांची रेषा, वाकडी मान, या साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा अशा वेळी सूचक ठरतात. दुखापत क्षुल्लक आणि लक्षणे भारी, हा विरोधाभास दिसला की आधीपासूनचा दोष शोधला पाहिजे.

याच सांध्यावर परळच्या केईएम रुग्णालयात पुढचे पाऊल पडले. अतुल गोयल आणि लाहेरी यांनी १९९४ मध्ये पहिल्या व दुसऱ्या मणक्यात स्क्रू बसवून ते पट्टीने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी तिचे सुधारित रूप मांडले. आज ती गोयल-हार्म्स पद्धत म्हणून जगभर वापरली जाते. एका सार्वजनिक रुग्णालयातील वॉर्डात, ज्या रुग्णांना पूर्वी हात टेकले म्हणून घरी पाठवले जाई, त्यांच्यासाठी ही पद्धत घडली. तिचा लाभ मात्र त्यालाच मिळतो, ज्याचे निदान आधी कोणीतरी केलेले असते.

मानेत केवळ मेरुरज्जू नसतो. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आणि बाहुलीचा आकार सांभाळणाऱ्या अनुकंपी चेतातंतूंची साखळीही तेथूनच जाते. अमेरिकेतील यादवी युद्धात वेअर मिचेल, मोरहाऊस आणि कीन या डॉक्टरांनी मानेत गोळी लागलेल्या एका सैनिकाची बाहुली लहान झालेली आणि पापणी उतरलेली पाहिली आणि १८६४ मध्ये ती नोंद प्रसिद्ध केली. पाच वर्षांनी झुरिचचे नेत्रवैद्य योहान फ्रीडरिश हॉर्नर यांनी हा लक्षणसमूह विस्ताराने मांडला आणि नाव त्यांचे लागले. मानेला हिसका बसलेल्या माणसाचे एका बाजूचे डोके व मान दुखत असून त्याच बाजूची बाहुली लहान दिसत असेल, तर धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेल्याची शंका घ्यावी लागते. तेथे रक्ताची गुठळी होऊन तासाभराने किंवा काही दिवसांनी पक्षाघात येऊ शकतो. एका खिशातील विजेरीने दिसणारी ही खूण आहे.

मग अपघात विभागातील डॉक्टरने प्रत्येक पडलेल्या माणसाची सर्व चित्रे काढावीत काय? गर्दी, खर्च आणि किरणोत्सर्ग पाहता ते शक्यही नाही, इष्टही नाही. या प्रश्नावरचे एक मोठे उत्तर २००० साली अमेरिकेतील नेक्सस अभ्यासाने दिले. २१ रुग्णालयांतील ३४,०६९ रुग्णांवर पाच निकष तपासले गेले : मानेच्या मध्यरेषेवर दाबल्यावर दुखत नाही, चेतासंस्थेचा कोणताही बिघाड नाही, शुद्ध पूर्ण आहे, नशा नाही, आणि लक्ष वेधून घेणारी दुसरी वेदनादायक दुखापत नाही. पाचही गोष्टी निश्चित असतील तर चित्राची गरज नाही. ८१८ रुग्णांच्या मानेला इजा होती आणि त्यांपैकी ८ सोडून सर्व या निकषांच्या जाळ्यात सापडले. २००१ मध्ये कॅनडातून ८,९२४ रुग्णांवर आधारलेला दुसरा नियम आला. त्यात ६५ वर्षे आणि त्याहून अधिक वय तसेच हातापायांतील झिणझिण्या यांना धोक्याची खूण मानले आहे.

हे निकष पाठ करणारा विद्यार्थी एक गोष्ट सहज विसरतो. ‘चेतासंस्थेचा कोणताही बिघाड नाही’ ही ओळ लिहिण्यापूर्वी चेतासंस्था तपासावी लागते. ‘हातपाय हलवतो’ अशी नोंद म्हणजे तपासणी नव्हे. आपल्या गृहस्थाचे हात हलतात, फक्त त्यांत जोर नाही. त्यासाठी दोन्ही हातांनी डॉक्टरची बोटे आवळायला लावणे, बोटे पसरवायला सांगणे, बटण काढून लावायला सांगणे, मग पायांची शक्ती पाहून दोहोंची तुलना करणे, टाचणीने दोन्ही बाजू पडताळणे, बाहुल्या पाहणे आणि शेवटची लघवी केव्हा झाली हे विचारणे, एवढे पुरते. पाच मिनिटांचे काम आहे. चेहऱ्याकडेही लक्ष हवे. पक्षाघात बहुधा एका बाजूला होतो आणि पुष्कळदा तोंड वाकडे करतो. मानेच्या इजेत चेहरा सुटलेला असतो. हा फरक चुकला तर पक्षाघात समजून गुठळी विरघळवणारे औषध दिले जाण्याचा धोका असतो आणि पडलेल्या, आतून रक्तस्राव होऊ शकणाऱ्या रुग्णात ते घातक ठरू शकते.

एवढे ओळखून हाती काय लागते, असा प्रश्न रास्त आहे, कारण या आजाराचे उपचार अजूनही वादाच्या पलीकडे गेलेले नाहीत. श्नायडर यांचा कल शस्त्रक्रिया टाळण्याकडे होता. १९९० च्या दशकात मोठ्या मात्रेतील स्टिरॉइडवर आशा बांधली गेली आणि पुढे पुराव्याअभावी ती ओसरली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्रीय अभ्यासात मानेतील मेरुरज्जूवरचा दाब २४ तासांच्या आत काढल्यास निष्पत्ती सुधारते असे दिसले. मोडतोड नसलेल्या सेंट्रल कॉर्ड सिंड्रोममध्ये शस्त्रक्रिया केव्हा करावी, यावर मात्र चर्चा सुरूच आहे. पण काही गोष्टींवर मतभेद नाही. मान स्थिर ठेवायची, रक्तदाब पडू द्यायचा नाही, प्राणवायू कमी होऊ द्यायचा नाही, तुंबलेले मूत्राशय कॅथेटरने मोकळे करायचे आणि एमआरआय जेथे होईल तेथे रुग्णाला पोहोचवायचे. यांतील एकही गोष्ट निदानाशिवाय घडत नाही. निदान न झालेला रुग्ण वेदनाशामक गोळी घेऊन दुचाकीवर मागे बसून घरी जातो आणि सुजलेल्या मेरुरज्जूला रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याचा हिसका बसतो.

आणि तपासणीची ही साखळी रुग्णालयाच्या दारापूर्वीच सुरू होते. भारतातील अनेक रुग्णालयीन अभ्यासांत मेरुरज्जूच्या दुखापतीचे एक प्रमुख कारण उंचावरून पडणे हेच आढळते : गच्ची, झाड, विहीर, बांधकामाची परात. महाराष्ट्रात त्यात दहीहंडीची भर पडते. थरांच्या उंचीवर आणि गोविंदांच्या वयावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मर्यादा घातली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१७ मध्ये उंचीचा प्रश्न पुन्हा राज्याच्या धोरणावर सोपवला गेला. उंची किती असावी हा वाद चालू राहील. थर कोसळल्यावर खाली पडलेल्या मुलाला दोघांनी बगलेत आणि पायांत हात घालून उचलावे की डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावे, याबाबत मात्र कोणताही वाद नाही.

इजिप्तच्या वैद्याने ज्याला उपचारापलीकडचा ठरवले, त्या रुग्णापासून चालत दवाखान्यात येणाऱ्या रुग्णापर्यंतचा हा प्रवास सुमारे साडेतीन हजार वर्षांचा आहे. त्यातली बहुतेक पावले कोणीतरी रुग्णाच्या विसंगत वाटणाऱ्या तक्रारीवर विश्वास ठेवल्याने पडली. पाय चालतात तरी हात का चालत नाहीत, उजवे हलत नाही तरी डाव्याला का कळत नाही, चित्र चांगले तरी माणूस का बिघडला, हे प्रश्न सोडून न देणाऱ्यांनी तो घडवला. येत्या संक्रांतीला जयपुरात, येवल्यात किंवा आणखी कोठे एखाद्या तरुण निवासी डॉक्टरसमोर कपाळाला खरचटलेला, हात चोळत बसलेला माणूस येईल. त्याला घरी पाठवण्यापूर्वी शर्टाचे एक बटण काढून पुन्हा लावायला सांगावे.